जुनी फोल्डिंग सायकल घेताय? आधी बिजागरी बघा, मग रंग

नारायणगाव : एसटी फाट्यावर सोडते आणि गाव आत तीन-चार किलोमीटर राहतं. जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट कुणाला नवीन नाही. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाट्यापर्यंत गाडी मिळते. पुढं वस्तीवर जायचं तर जीप भरायची वाट बघा, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसा. पुण्यात उतरल्यावर तीच गत. शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला गेल्यापासून पुढच्या दोन-तीन किलोमीटरला रिक्षाच करावी लागते.

या फाटा-ते-घर अंतरासाठी घडी घालता येणारी, म्हणजे फोल्डिंग सायकल कामाची आहे. नवी महाग पडते. पण पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हौसेनं घेऊन धूळ खात पडलेल्या अशा सायकली पुष्कळ असतात. मोबाईलवरच्या खरेदी-विक्रीच्या अॅपवर किंवा नातेवाइकांच्या ओळखीनं त्या कमी पैशात मिळतात. चार-पाच वेळा चालवून ठेवून दिलेली सायकल चांगलीही निघू शकते. मात्र साधी जुनी सायकल बघून घेण्याची आपली जी सवय आहे, ती इथं पुरत नाही. साध्या सायकलीत नसलेली एक जागा हिच्यात आहे, ती म्हणजे मधली बिजागरी. ती चालताना उघडली तर माणूस तोंडावर पडतो.

कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

कॉलेजला जाणारी मुलं-मुली, बँकेत, दवाखान्यात, पतसंस्थेत नोकरीला जाणारे, आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला खेप असणारे, यांना ही सायकल सोयीची. डांबरी रस्ता आणि एका वेळी पाच-सात किलोमीटर, एवढं तिचं काम.

दुधाची किटली, गवताचा भारा, खताची गोणी न्यायची असेल तर फोल्डिंगच्या नादी लागू नका. त्यासाठी मोठ्या चाकाची काळी सायकलच बरी. फोल्डिंगचं हँडल एका लांब उभ्या दांडीवर असतं आणि ती दांडीही खालून दुमडते. त्याला किटली लटकवली की सगळा भार त्या छोट्या खटक्यावर येतो. सायकलीवर कुठंतरी वजनाची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. त्यात बसणारा आणि सामान दोन्ही धरायचं.

खडी उखडलेला रस्ता किंवा पाणंद असेल तरीही विचार करा. लहान चाक खड्ड्यात लवकर उतरतं आणि हँडल पटकन वळतं. एका हातात पिशवी, एका हातात हँडल ही आपली सवय या सायकलीवर चालत नाही.

आधी कागद

सायकल उलटी करून पॅडलच्या मधल्या भागाखाली बघा. तिथं किंवा सीटच्या नळीवर फ्रेम नंबर कोरलेला असतो. मूळ बिल असेल तर नंबर जुळवा. बिल नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फ्रेम नंबर, किंमत, तारीख आणि सही घ्या. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. नंबर कानशीनं घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय येण्याजोगं कारण असून घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१७ त्यासाठीच आहे. निम्म्याहून निम्म्या किमतीत, बिलाशिवाय आणि घाईनं कुणी सायकल देत असेल, तर संशयाला तेवढं कारण पुरेसं आहे.

बिजागरी कशी तपासायची

घडीची सायकल काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीनं छत्रीधारी सैनिकांची दुमडणारी सायकल केली होती. पुढं १९७० च्या दशकात लंडनला अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टन सायकल काढली. प्रत्येकाची घडी वेगळी, पण जिथं दुमडते तिथं नळी तोडलेलीच असते. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची.

पहिलं, कापडानं बिजागरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचं वेल्डिंग पुसून घ्या. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात केसाएवढी बारीक भेग दिसते का ते बघा. रंगाला सरळ रेषेत तडा किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर आत भेग असू शकते. स्पीकरचा लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर फ्रेम लोखंडी, नाही चिकटला तर बहुधा अॅल्युमिनियमची. भेग गेलेली अॅल्युमिनियमची फ्रेम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून घेऊन वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूची ताकद जाते. अशी सायकल फुकट मिळाली तरी नको.

दुसरं, खटका लावताना हात लक्षात ठेवा. लिव्हर तळहातानं जोर लावून बसली पाहिजे. एका बोटानं बसत असेल तर ती ढिली आहे. बहुतेक सायकलींना लिव्हर आपोआप उघडू नये म्हणून दुसरी छोटी कडीही असते. ती तुटलेली किंवा तारेनं बांधलेली नसावी.

तिसरं, सायकल उभी धरा, पुढचा ब्रेक दाबून ठेवा आणि सायकल पुढं-मागं हलवा. त्याच वेळी एक बोट बिजागरीच्या सांध्यावर ठेवा. सांधा हलताना बोटाला कळतो. हँडलच्या दांडीच्या खालच्या बिजागरीवरही असंच करा. थोडी हालचाल लिव्हरजवळचा नट किंवा बोल्ट पाव-पाव फेरा आवळून जाते. आवळूनही हलत असेल, तर बिजागरीची पिन झिजली आहे. ती पिन नेमकी त्याच मॉडेलची मिळेल याची खात्री नसेल तर व्यवहार करू नका.

चौथं, रस्त्यावर थोडं पाणी ओता आणि त्यातून सरळ रेषेत सायकल चालवा. मागं वळून ओल्या खुणा बघा. दोन्ही चाकांची खूण एकावर एक पडली पाहिजे. दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर फ्रेम वाकलेली आहे, नाहीतर चाक तिरपं बसलंय.

आपल्या बाजारात काय मिळतं ते बघून घ्या

मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये आपल्या आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं ते काम साध्या, दणकट सायकलीवर चालत आलं. साध्या सायकलीचा फायदा असा, की कुठल्याही नाक्यावर तिचं सामान आणि ती दुरुस्त करणारा माणूस मिळतो. फोल्डिंग घेतानाही हाच हिशेब धरा.

टायरच्या बाजूवर ४७-४०६ किंवा ४०-४०६ असा आकडा असतो. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६ हे लहान मुलांच्या २० इंची सायकलींचं नेहमीचं माप आहे, त्यामुळं टायर-ट्यूब तालुक्याच्या ठिकाणी मिळायला अडचण येऊ नये. पण ४५१ मापाच्या चाकालाही २० इंचीच म्हणतात. ब्रॉम्प्टनसारख्या १६ इंची सायकलीचं माप ३४९ असतं आणि लहान मुलांच्या १६ इंची सायकलीचं ३०५. हे टायर एकमेकांना बसत नाहीत. म्हणून 'वीस इंची आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, आकडा वाचा.

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, पंक्चरच्या कुठल्याही दुकानात हवा भरता येते. बारीक, टोकाला पितळी स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याचा जोड खिशात ठेवावा लागतो.

चेन, चाक, ब्रेक

चेन पट्टीनं मोजा. एका पिनेच्या मध्यापासून २४ पिना पुढं मोजल्या की बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदलायला आली. आठवा भाग जास्त असेल तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही गेलं असं धरा.

चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरजवळ रिम डावी-उजवीकडं हलत असेल तर चाकाला आऊट आहे. थोडा आऊट मिस्त्री तारा आवळून काढतो. रिमलाच ठेचा बसला असेल तर रिमचे पैसे धरा. चाक हातानं आडवं हलवल्यावर खटखट वाजलं तर हबच्या गोळ्या-कोन बघावे लागतील.

घडी घातल्यावर केबल कुठं दुमडते ते बघा. त्या जागी आवरण फुटलेलं असतं आणि आतली तार एकेक करून तुटत जाते. घडी घालून उघडा आणि मग ब्रेक दाबा, तेव्हा अडचण कळते.

चाक लहान म्हणून सायकल हळू जाते असं पुष्कळ जणांना वाटतं. वेग दातांच्या हिशेबावर ठरतो. पुढं ४८ आणि मागं १६ दात असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. २० इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणजे साडेचार मीटर अंतर. मोठ्या सायकलीला ४४ आणि २० दात असतील तर चाक २.२ वेळा फिरतं. घेर २.२ मीटर धरला तर अंतर पावणेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेवढंच. नारायणगाव-जुन्नर किंवा मंचर-घोडेगावसारख्या रस्त्याला एक गिअर चालून जाईल. डिंभ्याच्या पुढं तळेघरकडं जाणाऱ्यांनी मात्र गिअरचीच बघावी आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं तरी असावं.

किंमत कशी ठरवायची

त्याच मॉडेलची आजची नवी किंमत काढा. मॉडेल बंद झालं असेल तर तसल्याच दुसऱ्या सायकलीची धरा. त्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करा. मग टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेकची रबरं आणि ओव्हरऑइलिंग यांतलं जे करावं लागणार त्याचा खर्च आपल्या सायकलवाल्याला विचारून त्यातून वजा करा. दोन वर्षं न चालवता उभ्या सायकलीचे टायर वरून नवे दिसतात, पण हवा काढून दाबले की बाजूला भेगा दिसतात. त्याचेही पैसे धरा.

घरी आणल्यावर

सीटच्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ कधीही नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दांडी त्याच्या वर ओढली तर ती वाकते किंवा फ्रेमची नळी चिरते. उंच माणसानं हे घेण्याआधीच बघावं.

उंची अशी लावा. सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पॅडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खूप खाली ठेवली, तर चार किलोमीटरमध्ये गुडघे बोलायला लागतात. हवी ती उंची सापडली की दांडीवर चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे रोज मोजावं लागत नाही. हँडल खाली-वर होत असेल तर सुरुवातीला सीटच्या बरोबरीनं किंवा थोडं वर ठेवा. त्यालाही रेघ असते, तीही आतच राहिली पाहिजे.

ब्रेकची रबरं रिमवर बसली पाहिजेत, टायरला घासता कामा नयेत. लिव्हर पूर्ण दाबली तरी ती आणि हँडल यांत दोन बोटं जागा राहावी.

हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणं भरा. लहान चाकात हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होते. कॉम्प्रेसरवर भरताना थांबत-थांबत भरा. ट्यूब छोटी असल्यानं क्षणात जास्त होते आणि फुटते.

पॅडल खोलायचं झालं तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. उलट्या बाजूला जोर लावून पुष्कळ जण क्रँकचे आटे खराब करतात.

एसटी, पाऊस आणि अंधार

गाडीत चढवण्याआधी घडी घाला, चेनची बाजू आत येईल असं बघा आणि वरून गोणपाट किंवा ताडपत्रीची पिशवी चढवा. दुसऱ्याच्या कपड्यांना ग्रीस लागलं की भांडण ठरलेलं. गर्दीच्या वेळी कंडक्टरला आधी विचारा, लगेजचं तिकीट लागेल का तेही तेव्हाच विचारून घ्या. उतरल्यावर सायकल उघडा आणि दोन्ही खटके हातानं ओढून बघा. गाडी निघायची घाई असली तरी एवढं केल्याशिवाय पाय टाकू नका.

पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतो, उतारावर आधीपासून दाबत या. घरी आल्यावर बिजागरी कोरडी करून पिनेला तेलाचा एक थेंब द्या. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेल लागू देऊ नका.

संध्याकाळी उसाच्या कडेनं जाणाऱ्यांना बिबट्याचं वेगळं सांगायला नको. सायकल ठेंगणी असल्यानं मोटारवाल्यांनाही ती उशिरा दिसते. पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा आणि घंटी पहिल्याच दिवशी बसवा. अंधारात शक्यतो एकटं जाऊ नका. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

पहिले ५० किलोमीटर झाल्यावर दोन्ही बिजागऱ्या, सीटची पकड, चाकांचे नट आणि पॅडल पुन्हा आवळून बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा ब्रेक दाबून, बोट लावून सांधा तपासा. याला पाच मिनिटं लागतात आणि एक पाना पुरतो.