वेदीपाशी येण्याआधी

ख्रिस्ती उपासना म्हटली की प्रार्थना, गीते आणि रविवारचे चर्च डोळ्यांपुढे येते. बायबलमधले संदेष्टे मात्र तिची पारख बाजारात करतात.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. बेथेलच्या देवस्थानात सण थाटात चालले होते, पण त्याची नजर होती धान्याच्या मापांवर. शब्बाथ कधी एकदा सरतो, याची व्यापारी वाट पाहत. मग माप लहान करता येई, तराजूत खोट ठेवता येई, गव्हाचा भुसाही गरिबाच्या गळ्यात मारता येई. अशांची गीते देवाला ऐकवत नाहीत, असे त्याने ठणकावून सांगितले.

येशूने हेच घरापर्यंत आणले. वेदीपाशी आल्यावर भावाचे मन आपण दुखावल्याचे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. ऐकणारे गालीलचे; यरुशलेमचे मंदिर त्यांना काही दिवसांच्या पायी वाटेवर. तेवढे उलट चालत जायचे! मला ही आज्ञा फार मोलाची वाटते.

सत्कृत्यांनी तारण विकत मिळते, असा याचा अर्थ नव्हे. ख्रिस्ती शिकवणीत कृपा आधी येते, सदाचार तिच्यातून उगवतो. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माची खूण म्हणून अनाथ आणि विधवांची काळजी सांगितली आहे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुली आणि विधवांना केडगावला आणले. तिथल्या मुक्ती सदनात प्रार्थनेइतकेच शेत, माग आणि छापखानाही चालत.