बाटली कुठे बुडवायची?

गोदावरी किती घाण झाली आहे, असे विचारले की नाशिककर रामकुंडाकडे बोट दाखवतो. अभ्यासाची आखणी करणाऱ्याने मात्र आधी नकाशा उघडावा. ब्रह्मगिरीवरून आलेले पाणी गंगापूर धरणात अडते, तिथून सुटले की सोमेश्वर, आनंदवल्ली करत शहरात शिरते. पंचवटीत गोदावरीला वाघाडी मिळते, तर टाकळीच्या संगमावर नासर्डी. ही नासर्डी येते सातपूर-अंबडच्या अंगाने, कारखाने आणि वस्त्यांचे सांडपाणी घेऊन. ती मिळते रामकुंडाच्या बरीच खाली. म्हणजे रामकुंडातल्या नमुन्याला नासर्डीची खबरही नसते!

म्हणून नमुने संगमाच्या वर, खुद्द नासर्डीत आणि संगमाच्या खाली असे घ्यावे लागतात. खालीसुद्धा एका काठावरून भागत नाही. उपनदीचे पाणी बरेच अंतर आपल्याच काठाला धरून वाहते. दोन्ही काठ आणि मधली धार, तिन्हीकडे बाटली बुडवायला हवी.

प्रवाह मोजायचा मात्र सर्रास राहून जातो. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले, हे नाशिकमध्ये पोरालाही कळते. प्रदूषणाच्या आकड्याशेजारी नदीत पाणी किती होते, हे कुणी विचारत नाही. समजा, एका नाल्यातून सेकंदाला १०० लिटर सांडपाणी येते आणि त्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. नदीत १ बीओडीचे ९०० लिटर पाणी वाहत असेल तर मिश्रणाचा बीओडी ३.९ भरतो. अंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा ३ ची, म्हणजे नदी नापास. आता धरणातून पाणी सोडले आणि ९०० चे ९,९०० लिटर झाले, की तोच आकडा १.३ वर येतो. नदी पास! नाल्यातून मात्र दोन्ही दिवशी तेवढीच, सुमारे २५९ किलो बीओडीची घाण आली. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांचे आकडे वाचताना हा हिशेब जवळ ठेवावा.

वेळेचेही तसेच. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री सगळेच तो खातात. दुपारी बरी दिसणारी नदी पहाटे गुदमरलेली असू शकते. त्यामुळे निदान काही फेऱ्या पहाटेच्या हव्यात. प्राणवायूचा नमुना काठावरच ‘बांधावा’ लागतो: मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून बाटली उलटसुलट केली की तपकिरी साका खाली बसतो. साका पांढराच राहिला, तर प्रयोगशाळेत जाण्याआधीच उत्तर मिळाले. पाण्यात प्राणवायूच नाही.

जड धातूंसाठी पाण्यापेक्षा गाळ बोलका. क्रोमियम, निकेल बारीक मातीला चिकटतात आणि पाणी संथ होते तिथे बसतात. म्हणून या अभ्यासाचे शेवटचे ठिकाण नांदूर मध्यमेश्वर हवे. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली ही पाणथळ जागा बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावरच उभी आहे.

पैसे अपुरे पडले तर ठिकाणे कमी करावीत, फेऱ्या नव्हे. पहिल्या पावसाची फेरी तर अजिबात चुकवू नये. उन्हाळाभर रस्त्यांवर, गटारांत साचलेले जूनच्या पहिल्या दमदार सरीबरोबर नदीत येते, आणि दोन दिवस उशीर झाला तर बाटलीत त्याचा मागमूसही सापडत नाही.