प्रबंधाऐवजी कथासंग्रह!

कथा लिहून विद्यापीठाची पदवी मिळते? मिळते! अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच ठरवलं की पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी स्वतःचं ललित लेखनही चालेल. १९३६ मध्ये तिथे ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू झालं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी.

मला सगळ्यात आवडते ती तिथली रूढ रीत. तुमची कथा सगळे वाचून येतात, वर्गात तिच्यावर बोलतात आणि तेवढा वेळ लेखकाने गप्प बसायचं. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायची सोय नाही. कागदावर उतरलंय तेवढंच खरं!

अमेरिकी कथालेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर आयोवात आली ती पत्रकारिता शिकायला. जॉर्जियाकडचे तिचे उच्चार वर्कशॉपचे संचालक पॉल एंगल यांना कळेनात, म्हणून तिने चक्क लिहून प्रवेश मागितला. १९४७ मध्ये तिने प्रबंध म्हणून दिल्या त्या सहा कथा.

आपले कवी दिलीप चित्रेही १९७५ ते ७७ आयोवात होते, पण १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात. तिथे पदवी नसते. या दोन्हींची गल्लत फार होते.

वर्कशॉपसाठी अर्ज करणार असाल तर लेखनाचा नमुना जीव ओतून तयार करा. निवडीत सगळ्यात जास्त वजन त्यालाच असतं.