खेळानंतरची चर्चा आणि गावचा पाहुणा

चित्रपट मंडळाचा खेळ संपल्यावर दिग्दर्शक किंवा तंत्रज्ञ प्रेक्षकांशी बोलतो, हा कार्यक्रम तुम्ही कॉलेजात पाहिला असेल. पाहुणा त्याच मुलखातला असेल तर या चर्चेत काय बदलते, ते कर्नाटकातील एका उदाहरणावरून पाहू.

शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हेग्गोडू हे सुपारीच्या बागांमधले खेडे आहे. तेथे १९४९ साली निनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या पुढाकाराने १९७३ साली तिला चित्रसमाजाची जोड मिळाली. जगातले नावाजलेले चित्रपट खेड्यातल्या लोकांना कळणार नाहीत, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील सतीश बहादूर यांनीही येथे रसास्वाद शिबिरांत शिकवले.

याच जिल्ह्यातील तीर्थहळ्ळी तालुक्याचे गिरीश कासरवळ्ळी पुण्यातून शिकून दिग्दर्शक झाले. सुब्बण्णा त्यांचे मामा. कासरवळ्ळींच्या ‘घटश्राद्ध’ (१९७७) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ कथा यू. आर. अनंतमूर्ती यांची, तेही तीर्थहळ्ळी तालुक्याचेच. वेदपाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची विधवा मुलगी यमुना गरोदर राहते आणि वडील ती जिवंत असतानाच तिचे श्राद्ध घालतात. हे सारे आपल्याला तेथे शिकायला आलेल्या नाणी या लहान मुलाच्या नजरेतून दिसते.

आता हा चित्रपट दिल्लीत दाखवला आहे असे समजा. प्रेक्षक विचारील, “अशी प्रथा खरोखर होती का?” मलनाडातल्या प्रेक्षकाला हे विचारण्याची गरज नाही. घर, सोवळेओवळे, बोलण्याची ढब त्याच्या ओळखीची असते. तो विचारील, “आमच्याकडच्या इतक्या गोष्टींतून हीच का निवडली?” किंवा, “हे पोराच्या नजरेतून का दाखवलंत? यमुनेच्या का नाही?” पहिल्या प्रश्नात थोडा रागही असू शकतो. बाहेरचा पाहुणा गाडी पकडून निघून जातो, पण गावच्या माणसाला हेच लोक पुन्हा लग्नाकार्यात भेटणार असतात. म्हणून त्याचे उत्तर जबाबदारीचे असते.

प्रत्यक्षात मात्र असे कार्यक्रम बहुधा सत्कारातच संपतात. शाल, श्रीफळ, “आपल्या मातीतला हिरा”, मग चहा. माझ्या मते सत्कार शेवटी ठेवावा, नाहीतर वगळावा. चित्रपट संपल्यावर त्यातला पाच-सात मिनिटांचा एक प्रसंग पुन्हा लावा आणि पाहुण्याला मधेमधे तो थांबवून बोलू द्या. “प्रेरणा काय?” या प्रश्नाला ठरीव उत्तर मिळते. “येथे पार्श्वसंगीत का नाही?” याला कामाचे उत्तर मिळते. आणि पाहुणा दिग्दर्शकच हवा असे नाही. संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार यांना कोणी बोलावत नाही, म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ साठलेले असते.

एक व्यवहाराची गोष्ट. ओटीटीची वर्गणी भरली म्हणून तो चित्रपट सभागृहात दाखवण्याचा हक्क मिळत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. चित्रपट तुमच्याच गावच्या माणसाचा असला तरी हक्क निर्मात्याकडे असू शकतात, तेव्हा त्याच्या तोंडी होकारावर राहू नका.

स्वाध्याय : तुमच्या तालुक्यातील चित्रपटक्षेत्रात काम करणारी एक व्यक्ती शोधा. तिच्या कामातील एक प्रसंग तीनदा पाहा आणि त्याच प्रसंगावर तिला विचारायचे पाच प्रश्न लिहा.