चिक चॉकलेट: हळदोण्याचा ट्रम्पेटवाला

आमच्या मालवणात लग्नाची वरात निघाली की बँडवाला 'शोला जो भडके' वाजवणारच. हे गाणं 'अलबेला' (1951) या सिनेमातलं; सिनेमा भगवानदादांचा, संगीत सी. रामचंद्र ऊर्फ आपल्या चितळकर अण्णांचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण अण्णांच्या त्या झकास पाश्चात्त्य ठेक्यामागे एक गोंयकार उभा होता, तो मात्र विसरला गेला.

आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. जन्म 1916, बार्देशातलं हळदोणे. म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की थोडं पुढे! त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी शिकवत. मुंबईच्या सिनेमात हेच गोंयकारांच्या कामी आलं. संगीतकार चाल गुणगुणणार, हे गोंयकार ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाचा भाग लिहून देणार. पडद्यावर नाव बहुधा नाहीच. (याचा मला अजून राग येतो.)

चिक 1940 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचा. दैवत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढून गायचा, म्हणून लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे तो अण्णांचा साहाय्यक झाला. 'नादान' (1951) आणि 'रंगीली' (1952) यांना त्याचं स्वतःचं संगीत आहे. 1967 मध्ये, पन्नाशीच्या आसपासच, तो गेला.

'अलबेला' पुन्हा बघा. 'दीवाना परवाना'मध्ये झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला बँड दिसेल. तो चिकचाच!