वजनाच्या ऑपरेशनसाठी परदेशी? आधी घरात हे बोलून घ्या

रमजान ईदच्या दिवशी आमच्या मुरुडच्या घरी शीर खुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. मोठ्या भाभींनी आपली वाटी तशीच परत ठेवली. आम्ही आग्रह केला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आता जे काही खायचे ते ऑपरेशननंतर."

कसले ऑपरेशन, हे तेव्हा कळले. आखातात नोकरीला असलेल्या भाच्याने त्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात पाठवली होती. इस्तंबूलमध्ये पोट लहान करण्याचे ऑपरेशन, चार रात्रींचे हॉटेल, विमानतळावर घ्यायला गाडी, सोबत एक दुभाषी, असे सगळे एका पॅकेजमध्ये. अॅडव्हान्स दहा दिवसांत भरायचा होता. भाईजानने उमराहसाठी साठवलेले पैसे त्यासाठी काढायचे, असे दोघांचे जवळजवळ ठरलेही होते.

भाभींचे वय चव्वेचाळीस, उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 98 किलो. नऊ वर्षांपासून शुगर आहे. गुडघे गेले आहेत, म्हणून नमाज खुर्चीवर. लग्नाच्या हॉलमध्ये मागून येणारे शेरे त्यांनी किती वर्षे ऐकले, ते त्यांनाच ठाऊक. आमच्यातल्या एकीने जरा रागानेच विचारले, "या वयात बारीक होऊन काय करायचे आहे?" त्यावर भाभी म्हणाल्या, "मला बारीक व्हायचे नाही गं. मला जमिनीवर सजदा करायचा आहे."

मग कोणीच काही बोलले नाही. आपण आजवर त्यांची चेष्टा केली, विचारपूस कधी केली नाही, ही बोच आम्हा सगळ्यांना लागली. तेव्हा ठरवले की हो किंवा नाही म्हणण्याआधी सगळी माहिती घ्यायची. ती माहिती वाचक भगिनींच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

अलेक्झांड्रियाहून चर्नी रोडला

वजनाच्या ऑपरेशनसाठी देश ओलांडण्याची सर्वांत गाजलेली घटना आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद हिचे वजन सुमारे 500 किलो असल्याचे घरचे सांगत. लहानपणीच आजाराने तिची शाळा सुटली आणि पंचवीसएक वर्षे ती घराबाहेर पडलेली नव्हती. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी तिच्या व्हिसासाठी जाहीर विनंती केली आणि तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी मदत केली. 11 फेब्रुवारी 2017 रोजी मालवाहू विमानाने ती मुंबईत उतरली. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी खास खोली बांधली होती. तिला पलंगासह क्रेनने वर चढवले गेले. उपचार मोफत होते आणि अनेकांनी देणग्या दिल्या.

7 मार्चला तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन झपाट्याने उतरले. रुग्णालयाच्या म्हणण्यानुसार एप्रिलअखेर ते 200 किलोच्या खाली आले होते. पण त्याच सुमारास बहिणीने जाहीर तक्रार केली की इमानची प्रकृती सांगितली जाते तितकी सुधारलेली नाही. डॉक्टरांनी हे आरोप फेटाळले. तिला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि वजन उतरले तरी ती चालू शकत नव्हती. 4 मे रोजी तिला अबुधाबीच्या बुर्जील रुग्णालयात हलवण्यात आले. तेथेच 25 सप्टेंबर 2017 रोजी तिचा इंतकाल झाला. हृदय आणि मूत्रपिंडाचे विकार हे कारण सांगण्यात आले. ती सदतीस वर्षांची होती. आपल्या घरी ती परत गेलीच नाही. अल्लाह तिची मगफिरत करो.

कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आम्ही करणार नाही. भाभींचा आजार इमानच्या आजारासारखा नाही, हेही खरे. पण या हकिकतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, वजन उतरणे आणि माणूस बरा होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनने काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही, हे डॉक्टर आणि घरचे यांच्यात आधीच स्पष्ट झाले पाहिजे. दुसरे, परक्या देशात घरच्यांचा आणि डॉक्टरांचा एकमेकांवरचा विश्वास तुटला, की रुग्ण मध्ये अडकतो.

ऑपरेशन म्हणजे नेमके काय

सध्या सर्वांत जास्त होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. उरलेले जठर केळ्यासारख्या अरुंद नळीएवढे राहते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. थोड्या घासांत पोट भरते आणि भूक जागवणारे एक संप्रेरकही कमी होते. दुसऱ्या प्रकारात, बायपासमध्ये, जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात.

हे थोतांड नाही. स्वीडनमध्ये हजारो रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून 2007 मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अनेकांची शुगर आटोक्यात येते, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. म्हणून "ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाचा मार्ग" असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

पण हे सर्वांसाठीही नाही. वजनाला, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भाभींचा बीएमआय बेचाळीसच्या पुढे निघाला. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार 35 च्या वर शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. मधुमेहासारखा आजार असेल, तर त्याखालीही विचार होतो आणि आशियाई लोकांसाठी मर्यादा आणखी खाली धरतात. म्हणजे भाभींची मागणी अवाजवी नव्हती. दहा किलो जास्त असलेल्या, लग्नाळू मुलीला मात्र कोणी ही वाट दाखवत असेल, तर आईबापांनी सावध व्हावे.

धोका कुठे वाढतो

टाक्यांच्या रेषेतून गळती होणे, हा या ऑपरेशननंतरचा गंभीर धोका. तो शंभरात एक-दोघांनाच होतो, पण अनेकदा घरी परतल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतो. ताप, पोटात कळा, वाढलेली धडधड ही त्याची लक्षणे. पॅकेज चार रात्रींचे होते. समजा दहाव्या रात्री मुरुडमध्ये ताप चढला, तर? ज्याने पोट उघडले तो डॉक्टर हजारो किलोमीटर दूर आणि हातात परक्या भाषेतला कागद. दुसरा धोका पायात रक्ताची गुठळी होण्याचा. ऑपरेशननंतर तो असतोच, त्यात लांबच्या विमानप्रवासात तासन् तास बसून राहिल्याने वाढतो.

श्रीमंत देशांतील लोकांनाही हे अनुभव आले आहेत. तुर्कस्तानात शस्त्रक्रियेनंतर काही ब्रिटिश नागरिक दगावले, तेव्हा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने प्रवाशांना तसा इशारा दिला. 2019 मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने मेक्सिकोतील तिजुआना शहरातल्या शस्त्रक्रियांबद्दल सावध केले. तेथून परतलेल्या रुग्णांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग आढळला होता आणि त्यांतील बहुतेकांनी वजनाचेच ऑपरेशन करून घेतले होते. याचा अर्थ तिकडचे सगळे डॉक्टर वाईट असा नाही. तिथे उत्तम सर्जनही आहेत. पण ऑपरेशन एका दिवसाचे आणि देखभाल आयुष्यभराची असते. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या कायमच्या. विमानाच्या तिकिटात हे काही येत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. जगभरातले रुग्ण मेडिकल व्हिसा काढून आपल्याकडे येतात. मुंबई, पुणे आणि लातूरकरांना जवळचे हैदराबाद या शहरांत हे ऑपरेशन वर्षानुवर्षे होत आहे. विमा असेल, तर पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून आटोक्यात न येणाऱ्या शुगरसारखा गंभीर आजार असेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर अशा शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. प्रतीक्षा कालावधीची अट मात्र पाहावी लागते.

दीनशी निगडित प्रश्न

अम्मींनी विचारले, "अल्लाहने दिलेल्या शरीरात असा बदल चालतो का?" आम्ही मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी उलट विचारले, हे शोभेसाठी आहे की इलाजासाठी? शरीर अमानत आहे आणि आजारावर इलाज करणे हा त्या अमानतीचा हक्क आहे, पण गरज आहे की नाही हे जाणकार डॉक्टरच सांगेल, असे ते म्हणाले. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी आपल्या भागातील उलेमांना विचारावे.

रोज्यांचाही विचार आधीच करायला हवा. ऑपरेशननंतर पाणी घोट घोट करून दिवसभर प्यावे लागते, एकदम पिता येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काळात रोजा ठेवणे धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहेच. तसेच जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, त्याऐवजी साध्या गोळ्या लिहून मागता येतात. मूल हवे असलेल्या बहिणींनी ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला डॉक्टर देतात, हेही लक्षात ठेवावे.

लातूरच्या डॉक्टरांचा एक प्रश्न

अॅडव्हान्सला चार दिवस उरले असताना आम्ही भाभींना लातूरला घेऊन गेलो. जाहिरातवाल्यांनी मोबाइलवर फक्त वय, उंची आणि वजन विचारले होते. लातूरच्या डॉक्टरांनी भाईजानकडे पाहून विचारले, "या रात्री घोरतात का? झोपेत श्वास अडकतो का?" भाईजान म्हणाले, "हो, कधी कधी मी घाबरून हलवून उठवतो."

झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार लठ्ठ माणसांत नेहमी आढळतो आणि तो माहीत नसताना भूल दिली, तर जिवावर बेतू शकते, असे डॉक्टरांनी समजावले. मग तपासण्या लिहून दिल्या: तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, थायरॉइड, हृदयाची सोनोग्राफी, जठराची दुर्बीण तपासणी, झोपेची तपासणी. 2025 पासून आपल्याकडे मिळू लागलेल्या वजनाच्या नव्या इंजेक्शनांविषयीही सांगितले. ती महाग आहेत, डॉक्टरांशिवाय घ्यायची नाहीत आणि बंद केल्यावर वजन पुन्हा वाढू शकते.

कुठेही ऑपरेशन करायचे असो, आता आम्ही प्रत्येकाला हे प्रश्न विचारायला सांगतो:

- ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार आणि त्यांनी अशी किती केली आहेत?
- त्याआधी कोणत्या तपासण्या करणार?
- अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का?
- घरी आल्यावर त्रास झाला, तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार?
- पुन्हा ऑपरेशन लागले, तर खर्च कोणाचा?
- संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मिळेल का?

भाच्याने हे प्रश्न इस्तंबूलच्या एजंटला पाठवले. उत्तरादाखल आली ती सवलतीची नवी जाहिरात.

अॅडव्हान्स भरला नाही. ऑपरेशनचा विचार मात्र सोडलेला नाही. आधी शुगर आणि झोपेचा आजार आटोक्यात आणायचा, मग सगळे रिपोर्ट घेऊन मुंबई किंवा हैदराबादच्या सर्जनला दाखवायचे, असे ठरले आहे. तोवर घरातही बदल झाला. दालचा-खाना आता फक्त जुम्म्याला, रोज ज्वारीची भाकरी आणि भाजी, आणि फज्रनंतर आम्ही दोघी-तिघी भाभींसोबत बार्शी रस्त्याने चालायला जातो. पहिल्या दिवशी भाभी दोनशे पावलांवर थांबल्या. आता गावाबाहेरच्या वळणापर्यंत येतात.

उमराहचे पैसे अजून बँकेत आहेत. ते कशाला लागतील, हे अल्लाहच जाणे. भाभी म्हणतात, आधी गुडघे, मग मक्का. त्यांच्यासाठी आणि अशा प्रत्येक आजारी बहिणीसाठी दुआ करा. आणि पुढच्या लग्नाच्या हॉलमध्ये कोणाच्या वजनावर हसू येऊ लागले, तर त्याऐवजी जवळ जाऊन तब्येत विचारा.