वार्धक्य आणि तेलाचा हात

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मर्दन, नित्य करावा असे सांगितले असून तो जरा, श्रम आणि वात दूर करणारा मानला आहे. डोके, कान आणि पाय यांना तो विशेषत्वाने करावा, अशी सूचनाही तेथे आहे. या यादीत जरा म्हणजे वार्धक्य आरंभीच येत असले, तरी मराठी घरांत रोजचे तेल लाभते ते तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला, तर वृद्धांच्या वाट्याला ते बहुधा नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरतेच येते. वृद्धांना या सुखापासून दूर ठेवण्यास वैद्यकीय आधार नाही. उलट, त्यांना त्याची गरज अधिक असते, असे मानण्यास संशोधनात आधार सापडतो.

मानवी त्वचेत स्पर्श टिपणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. वस्तूचा आकार, पोत आणि कंप ओळखणारी पहिली व्यवस्था जलद मज्जातंतूंवर चालते आणि वयाबरोबर ती मंदावते, म्हणूनच उतारवयात सुईत दोरा ओवणे किंवा खिशातले नाणे चाचपून ओळखणे कठीण होत जाते. दुसरी व्यवस्था ‘सी-टॅक्टाइल’ नावाच्या बारीक, संथ तंतूंची असून, त्वचेवरून सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटीमीटर या गतीने हळुवार हात फिरला, की हे तंतू सर्वाधिक उद्दीपित होतात आणि त्यांचा संदेश मेंदूच्या भावनांशी निगडित भागांकडे जातो. किशोरवयीनांपासून ऐंशी ओलांडलेल्यांपर्यंतच्या व्यक्तींवर स्वीडनमध्ये झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वयाबरोबर स्पर्शाची तीव्रता कमी जाणवत असली, तरी हळुवार स्पर्शाची सुखदता कमी होत नाही, किंबहुना वाढते. जोडीदार गेल्यानंतर दिवसेंदिवस कोणाचाही हात अंगाला न लागणाऱ्या माणसाच्या संदर्भात हा निष्कर्ष फार महत्त्वाचा ठरतो.

दुखण्यांपैकी गुडघ्यांची झीज, म्हणजे सांध्यातील कूर्चा विरत जाऊन होणारा संधिवात, या विकारावर मर्दनाचा अभ्यास बऱ्यापैकी काटेकोरपणे झाला आहे. अमेरिकेत 125 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मर्दनाच्या वेगवेगळ्या मात्रा ताडून पाहिल्या, तेव्हा आठ आठवडे दर आठवड्याला एकदा 60 मिनिटांचे मर्दन ही सर्वांत सोयीची आणि परिणामकारक मात्रा ठरली. पुढे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर मर्दन केलेल्यांचा त्रास केवळ हलका स्पर्श मिळालेल्यांपेक्षा आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाला, परंतु वर्षअखेरीस हा फरक ठळक राहिला नाही. मर्दनाने झिजलेली कूर्चा पुन्हा वाढत नाही. वेदना आणि ताठरपणा काही काळ उतरतो, चालणे सुकर होते, आणि त्या मुदतीत मांडीच्या स्नायूंचा व्यायाम केला, तर खरा लाभ पदरात पडतो. ‘गुडघे कायमचे बरे’ करणाऱ्या तेलांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत पुरावा थोडा, पण आशादायक आहे. 2006 च्या कॉक्रेन आढाव्यात निकषांना उतरलेले अभ्यास अगदी मोजके होते. तरीही तळहातांच्या मर्दनाने रुग्णांची अस्वस्थता तात्पुरती कमी झाल्याचे, आणि जेवणाचा आग्रह करताना शब्दांना स्पर्शाची जोड दिल्यास आहार सुधारल्याचे त्यात नोंदले आहे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा परिचारिकेला हे विनाखर्च जमण्यासारखे आहे.

मात्र वृद्धांचे शरीर पैलवानाचे नव्हे, याचा विसर पडू नये. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर खोल शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते. ती चोळल्याने गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास रगडल्याने काळेनिळे डाग पडतात. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या पाठीवर पाय देणे किंवा केस कापताना मान मोडून घेणे तर सर्वस्वी टाळावे, कारण त्याने मणक्याला वा मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. मधुमेहात पायांची संवेदना बोथटलेली असल्यास तेल किती गरम आहे हे रुग्णाला कळत नाही, त्यामुळे ते लावणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर तपासावे, तळव्यांना काशाची वाटी फिरवताना जखम नाही ना ते पाहावे आणि बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये. तिळाचे वा खोबरेल, जे सोसेल ते कोमट तेल घेऊन पंधरा-वीस मिनिटे पुरतात. नंतर तळवे नीट पुसूनच वृद्धांना उभे करावे, कारण तेलकट पावलांनी न्हाणीघराच्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर अंथरूण धरण्याची वेळ येते.